पावरीला सांधा नसतो

माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस हॉलमध्ये बसतो, पाणी पितो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "मग, स्टुडिओ कुठंय?" मी आतल्या बेडरूमकडे बोट दाखवते. बिचाऱ्याचा चेहरा असा पडतो की मला रोज नव्याने हसू येतं.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटची मागची बेडरूम हाच माझा स्टुडिओ. भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या बांधल्यात, खिडकीवर गोधड्या, दाराच्या फटीत पायपुसणं. कपाटात कपडे नाहीत, कॉम्प्युटर आहे. त्याचा पंखा घरघरतो म्हणून त्याला तिथे कोंडलाय, आणि उन्हाळ्यात मधूनमधून दार उघडून त्याला वारा घालावा लागतो. माईक मात्र चांगला आहे. त्यासाठी मी बांगड्या करायच्या राहू दिल्या, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

त्याआधी मी टायपिंगचा क्लास चालवत होते. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, मग मुलं घरीच टाइप करायला लागली आणि क्लाससाठी घेतलेला कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला. माझी भाची बासरी शिकत होती. तिला परीक्षेसाठी वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. मी म्हटलं, बस इथे, बघू काय होतंय ते. जमलं. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे गुरुजी आले, गुरुजींचे प्रतिस्पर्धी आले. गाणाऱ्यांना मात्र मी घेत नाही. त्यांना कोमट पाणी लागतं, पंखा चालत नाही, आणि शेवटी आवाज बसला की खापर माझ्या गाद्यांवर. वाद्य बरं. ते तोंड वर करून बोलत नाही.

काम तसं सोपं आहे. माईकसमोर वाद्य वाजतं, पडद्यावर त्याची नागमोडी रेघ उमटते. ती रेघ कापता येते, जोडता येते, लहानमोठी करता येते, आणि शेवटी तिची फाइल करून पेनड्राइव्हवर द्यायची. झालं. यात माझा वेळ फार जात नाही. माझा सगळा वेळ जातो शांतता मिळवण्यात. फ्रीज गुणगुणतो, तो बंद करावा लागतो, आणि नंतर चालू करायची आठवण राहत नाही. दोनदा दूध नासल्यावर मी स्कूटीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायला लागले. किल्ली शोधायला गेलं की फ्रीज आठवतो. शेजारच्या जोशीकाकूंशी कुकरचा करार आहे. मी भिंतीवर दोनदा टकटक केली की त्यांनी कुकर उतरवायचा. उलट त्यांनी एकदा टकटक केली की समजायचं, डाळ शिजायचीय, पंडितजींना म्हणावं चहा घ्या.

तऱ्हेतऱ्हेची माणसं आली हो! त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी आले. लांबच्या यजमानांच्या पूजा ते मोबाइलवरून सांगतात. दर वेळी शंख फुंकून जीव मेटाकुटीला येतो, म्हणून एकदाच शंख "भरून" हवा होता. मी म्हटलं, "गुरुजी, जरा हळू फुंका." ते म्हणाले, "ताई, तशी सोय शंखात नाही." आणि फुंकला! पडद्यावरची रेघ वरखाली जाऊन आपटली, माझ्या कानातले हेडफोन मी भिरकावून दिले. मग त्यांना बाथरूममध्ये उभं राहायला सांगितलं तर "शिव शिव!" म्हणून मागे सरले. अखेर ते स्वयंपाकघराच्या गॅलरीत आणि माईक बेडरूममध्ये, अशी तडजोड झाली. रेकॉर्डिंग छान झालं. फक्त समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका गॅलरीकडे बघून हात जोडून उभ्या होत्या.

ढोलवाल्यांचं तर नावच काढू नका. नाशकात राहून ढोल रेकॉर्ड केला नाही असं कसं चालेल म्हणून मीच हौसेने एका पथकाला बोलावलं. "एकच ढोल आणा आणि हळूच वाजवा." टिपरूच्या पहिल्याच टोल्याला मांडणीवरची ताटं खाली आली, दुसऱ्याला सोसायटीचे चेअरमन वर आले. मी पुढे एका द्राक्षवाल्याचं रिकामं कोल्ड स्टोरेजही मागून बघितलं, पण तिथे एका ढोलाचे सात ढोल ऐकू यायला लागले. ढोल माझ्या हातून राहिला तो राहिलाच. त्याची चुटपुट आहे. आणि दुसरी चुटपुट अशी, की एवढी वाद्यं ऐकली पण मला स्वतःला एकही वाजवता येत नाही.

पण मला सांगायचंय ते पावरीबद्दल.

आमच्या जिन्याचं लोखंडी दार करकरायचं. ते माझं जुनं दुखणं. सोसायटीने एका रविवारी ते दुरुस्त करायला काशिनाथला बोलावलं. हा अंबडच्या एका कारखान्यात वेल्डर, मूळचा सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा. मी तिथेच उभी राहून "अजून करकरतंय, अजून करकरतंय" असा त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी तो वैतागला. "मॅडम, दाराला काय तुम्ही गायला लावताय का?" मग मी त्याला वर नेऊन माझी खोली दाखवली. तो गाद्यांकडे, माईककडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "मॅडम, यात पावरी भरता येईल?"

पावरी मी फोटोत बघितली होती. मध्ये वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या वेळूच्या नळ्या, पुढे शिंगासारखा भोंगा, वर मोरपिसं. मार्गशीर्षात त्यांच्याकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. नाचणाऱ्यांना माऊल्या म्हणतात. पावरी वाजवणारा मध्ये, माऊल्या त्याच्याभोवती गोल. काशिनाथच्या पाड्यावरची रीत अशी, की माऊल्यांचे पाय चालू आहेत तोवर पावरी तुटता कामा नये. आणि आसपासच्या पाड्यांत पावरी वाजवणारा माणूस एकच उरला होता, काशिनाथचा बाप, लहानूबाबा.

"बाबाला दमा लागलाय," काशिनाथ म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं फुका, हरकत नाय. पण तास तास फुकलं तर छातीला झेपायचं नाय. गेल्या खेपेला नाचात फुकता फुकता ओठ निळे पडले. आम्ही उचलून आणला. तरी म्हणतो, मी नाय फुकली तर माऊल्या नाचतील कशावर? मॅडम, तुम्ही भरून द्या. स्पीकरवर लावू. उत्सव उत्सवाच्या जागी, पण मला बाप पाहिजे."

आता यावर नाही कोण म्हणणार?

पुढच्या रविवारी काशिनाथ आईवडिलांना घेऊन आला. लहानूबाबा म्हणजे काटकुळा, टोपी तिरकी, डोळे मिश्कील. पावरी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, आणि ती कुणालाही धरू देईना. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर म्हणाला, "गाद्या उभ्या कशापायी? तुमी उभ्यानंच निजता का, बाई?" मागून सकरीआजीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला कोपराने ढोसलं.

मी माईक लावला, फ्रीज बंद केला, भिंतीवर दोनदा टकटक केली. बाबा पावरी ओठाला लावून बसला. बसला तो बसलाच. आवाज नाही.

"काय झालं, बाबा?"

"नाचनार कोन?"

"इथे कुणी नाचणार नाही, बाबा. तुम्ही नुसतं वाजवा."

"मंग बघू कुठं?" तो खरोखरच गोंधळला होता. काशिनाथने समजावलं की बाबा नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून फुंकतो. पाय जड झाले की पावरी धीमी, पाय उचलले की पावरी उचलते. समोर पायच नाहीत, तर वाजवायचं काय?

आता घ्या! मी जमिनीवर आणखी एक गादी अंथरली, म्हणजे पावलं वाजू नयेत, आणि काशिनाथला म्हटलं, नाच. तो लाजला. एकटा कसा नाचू म्हणाला, गोल होत नाही. म्हणून मी पदर खोचला. तेवढ्यात कुकरचं विचारायला जोशीकाकू दारात आल्या, त्यांनाही हाताला धरून आत ओढलं. "अगं, माझे गुडघे!" असं त्या तोंडाने म्हणत होत्या, पण पाय केव्हाच चालू झाले होते. सकरीआजीने दारात बसून "डावा, डावा, आता वाका" अशा आज्ञा सोडल्या. जोशीकाकू वाकल्या आणि आजी पदर तोंडात कोंबून हसली. बाबाने आमच्या पायांकडे एक नजर टाकली, आणि पावरी सुरू झाली.

काय सांगू! त्या गाद्यांनी भरलेल्या खोलीत एकदम डोंगराचा वारा शिरला. अंगावर काटा आला माझ्या. आणि तो सूर थांबतच नाही. गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकाने नवा आत घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. मी नाचायचं विसरून बघत राहिले, तर बाबाने पावरीआडून डोळे वटारले.

पण डॉक्टरने थोडं थोडंच सांगितलेलं. थोडा वेळ झाला की मी हात वर करायची, बाबा थांबायचा आणि चिडायचा. "थांबवायची व्हती तर फुकाया कशाला लावली?" मग चहा, विसावा, पुन्हा पावरी, पुन्हा माझा हात. असे तुकडे करून करून दुपारपर्यंत पुरेसं जमलं. बाबाला दम लागला नाही. जोशीकाकूंना लागला.

खरी परीक्षा नंतर होती. हे तुकडे जोडून मला लांबलचक, सलग पावरी करायची होती. एरवी जोडकाम मला डाव्या हातचा मळ. पेटीवाला मध्ये थांबतो, तिथे कात्री लावायची. सतारीची तार विझते, तिथे कात्री. पावरीत अशी जागाच नाही. कुठेही कापा, तुम्ही चालत्या सुराचा गळाच कापता. त्यातून पहिला तुकडा संपताना बाबाचा जोर वेगळा, दुसरा सुरू होताना वेगळा. मी घासलं, पुसलं, एकावर एक चढवलं, तरी प्रत्येक सांध्याला सूर कणभर दचकायचाच. आमच्या ह्यांना ऐकवलं. "छान आहे की!" म्हणाले. त्यांना सगळंच छान वाटतं, त्यांच्या मताला अर्थ नाही. जोशीकाकूंनाही काही कळलं नाही. म्हटलं, ज्याची पावरी त्यालाच विचारावं. काशिनाथने बाबाला फोनवर ऐकवलं.

"हितं मेला," पलीकडून आवाज आला. थोड्या वेळाने, "हितं परत मेला." त्याच्या कानातून एकही सांधा सुटला नाही. मी आणखी आठवडाभर झटले, पुन्हा ऐकवलं. "आता मरत नाय. पर कन्हतो." त्याच्यापुढे माझी मजल गेली नाही. मला धास्ती एकच होती. नाच रंगात आला आणि त्या सांध्याला माऊल्यांचे पाय अडखळले, तर म्हातारा दुसऱ्या क्षणी स्वतः फुंकायला लागेल आणि मग तो कुणाचं ऐकणार नाही. मी तसं बोलून दाखवलं. बाबा नुसता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. बघू."

मार्गशीर्षात काशिनाथ मला पाड्यावर घेऊन गेला. सोबत माझा चांगला स्पीकर मांडीवर धरून नेला. तिथे पोचलो तर देवाचं सगळं बघणाऱ्या भगताने नवीच हरकत काढलेली. देवापुढे हा स्पीकरचा डबा चालेल का? काशिनाथचं तोंड उतरलं. भगताने बाबाला विचारलं, "डब्यात दम कोनाचा हाय?" बाबा म्हणाला, "माझा." भगताने मान हलवली. मात्र एक अट घातली, की पावरी दिसली पाहिजे. नुसत्या डब्याभोवती माऊल्या नाचणार नाहीत.

म्हणजे शेवटी ठरलं ते असं. बाबा मध्ये बसणार, पावरी ओठाला लावणार, बोटं हलवणार, पण फुंकणार नाही. स्पीकर त्याच्या मागे घोंगडीखाली. सिनेमात हिरो गातो, तसं! काशिनाथ स्पीकरपाशी उभा राहिला आणि बायकांमध्ये अगदी समोर आईला बसवलं. "आये, बाबाच्या गालांवर नजर ठेव. गाल फुगलं का मला हाक मार. लगेच पावरी काढून घेतो."

"बरं," आजी म्हणाली.

ऊन उतरणीला लागलं होतं. मी आजीशेजारी बसले. काशिनाथने बटण दाबलं आणि घोंगडीखालून लहानूबाबाची पावरी निघाली. माऊल्या क्षणभर बिचकल्या, मग पाय पडायला लागले, गोल फिरायला लागला. माझं नाचाकडे लक्षच नव्हतं. मला पहिला सांधा कुठे आहे ते पाठ होतं. तो जवळ आला तशी मी डोळे मिटून घेतले. आता दचकेल, आता पाय चुकतील.

काही नाही. सूर सरळ पुढे गेला.

दुसरा सांधा आला आणि गेला. कळलाही नाही. म्हटलं, अगं बाई, मोकळ्या हवेत लपतोय वाटतं! खोटं कशाला सांगू, माझी मान ताठ झाली. एवढ्या वर्षांत इतकं सफाईचं काम माझ्या हातून झालं नव्हतं. आता आमच्या ह्यांच्या मतालाही किंमत द्यायला हरकत नाही, असं सुद्धा वाटून गेलं. तिसऱ्या सांध्याला मी डोळे उघडे ठेवले आणि कौतुकाने बाबाकडे बघितलं.

गाल सपाट. बोटं हलतायत, नजर माऊल्यांच्या पायांवर, गाल सपाट. सांधा आला. गाल पुरीसारखे टम्म फुगले. सांधा ओलांडला आणि गाल पुन्हा सपाट, जसं काही झालंच नाही. तुकडे त्याचेच होते. कुठे तोडले ते त्याला माझ्याहून पक्कं ठाऊक होतं.

मी आजीकडे बघितलं. ती थेट त्याच्याच तोंडाकडे बघत होती. चौथ्या सांध्याला गाल पुन्हा फुगले, अगदी तिच्या समोर, ढळढळीत.

"आये," काशिनाथ तिकडून ओरडला, "बरोबर हाय ना?"

आजीने पदर सारखा केला. "हां रं. समदं बरोबर."

मग तिने माझ्याकडे मान वळवली. नजर माझ्यावर रोखली. आणि तेवढ्यात काशिनाथने माझ्याकडेही हात केला, "मॅडम, आवाज कसाय?"

मनात आलं, सांगून टाकावं. पोराने जिवापाड धडपड करून बाप जपलाय. मग वाटलं, डॉक्टर थोडं थोडं म्हणालाच आहे, आणि हे तर थोड्यातलंही थोडं. ओठ निळे नव्हते, श्वास चढलेला नव्हता. आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जी मजा होती, ती माझ्या खोलीत एकदाही दिसली नव्हती.

"झकास!" मी ओरडले. काशिनाथने हे वाचलं तर माझं काही खरं नाही.

दिवस मावळेपर्यंत नाच चालला. एकही पाय चुकला नाही. माऊल्या बसल्या तेव्हा काशिनाथने बटण दाबून स्पीकर बंद केला आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरले होते. आईजवळ येऊन म्हणाला, "बघ, एकदा पन फुकला नाय बाबा." आजी म्हणाली, "तू व्हतास ना राखाया," आणि त्याला पाणी आणायला पिटाळलं.

मी बाबाजवळ जाऊन बसले. तो पावरीची मोरपिसं एकेक करून सरळ करत होता. श्वास शांत होता, ते मी आधी नीट ऐकून घेतलं, त्या बाबतीत माझे कान कुणाला हार जायचे नाहीत. मग हळूच, पण रागानेच म्हटलं, "बाबा, आपलं ठरलं काय होतं?"

त्याने घोंगडीखालच्या स्पीकरकडे मोठ्या मायेने बघितलं.

"बाई, डबा तुमचा लय गुणाचा हाय," तो म्हणाला. "पर मधी मधी दम जातो बिचाऱ्याचा. एकट्यानं नाय जमायचं त्याला. आता मी हाय ना."